हातगुणाची तपासणी

गल्लीतली सव्वीस काचघरं एका पहाटेत काळी पडली आणि माझं एकटीचं हिरवं राहिलं, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं, आणि तेही चारचौघांत वाईट वाटायला हवं म्हणून वाटलं.

कार्तिक संपत आला होता. आमच्या निफाडच्या थंडीचं पूर्वीपासून नाव आहे, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिला काही ताळतंत्रच राहिलेलं नाही. पाऊस दिवाळी उलटली तरी रेंगाळतो आणि तो जातो न जातो तोच पारा शून्याखाली उतरतो. उघड्यावरची भाजी निम्मी कुजते, उरलेली करपते. म्हणून घरोघरी गच्चीवर काचघरं आली. दहा बाय बाराची खोली, आत टोमॅटो, ढोबळी मिरची, मेथी, पालक आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी शेवंती. ऊब राखायला वाफ्यांखालून तारा, दमटपणा मोजायला संच, सगळं विजेवर. त्या पहाटे वीज तीन तास गेली आणि काचेच्या आत उणे दोन झालं.

सकाळी शेजारच्या सोनवणे वहिनी त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "कापडणीस बाई, तुमचं काही उरलं का हो?"

त्यांच्या हातात मिरचीचं रोप होतं, उकडलेल्या भाजीसारखं लोंबणारं. मी माझ्या काचघराचं दार उघडलं. शेवंती ताठ उभी होती. टोमॅटोच्या पानांवर थेंब होते, पण ते पाण्याचे होते, बर्फाचा कण कुठे नव्हता. वहिनी कठड्यावरून वाकून बघत राहिल्या.

"बाई, तुमच्या हाताला गुणच आहे," त्या म्हणाल्या.

मी तेहेतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. हातगुण, पायगुण, दृष्ट असले शब्द मी फळ्यावर लिहून त्यांवर फुली मारायचे आणि मुलांकडून टाळ्या घ्यायचे. तेव्हा "तसं काही नसतं हो," असं मी म्हटलं. पण अशा आवाजात म्हटलं, की वहिनींनी ते पुन्हा एकदा म्हणावं.

माझ्यामागून रंजना वर आली होती. रंजना माझी धाकटी जाऊ. विलास भाऊजी गेले त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आणि काचघर माझ्या, अशी आमची न बोलता झालेली वाटणी. डाळ-तांदळाचं धुवण ती रोज सकाळी पातेल्यातून वर आणते आणि हातानं पानांवर शिंपडते. माझी खतं मोजूनमापून असतात, पण या धुवणानं नुकसान तर काही होत नाही, म्हणून मी कधी हरकत घेतली नव्हती.

"वाचली का सगळी?" तिनं विचारलं.

"वाचली."

"बरं झालं. गुरुवारी फुलं लागतील," असं म्हणून ती शिंपडून खाली गेली.

बातमी पसरली आणि आठवड्याच्या आत एका संशोधन केंद्रातून डॉ. मैत्रेयी लोंढे आल्या. वय पस्तिशीच्या आत, पायांत बूट, बोलणं भरभर. त्यांनी पानं नेली, माती नेली, पाणी नेलं आणि चार दिवसांनी परत येऊन आमच्या बैठकीच्या खोलीत मला नि ह्यांना समोर बसवून माझाच विषय मला शिकवला.

पाणी शून्य अंशाला गोठतं असं मी जन्मभर सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. स्वच्छ पाण्याच्या थेंबाला गोठायचं तर सुरुवात करून देणारं कुणीतरी लागतं. पानांवर काही जीवाणू राहतात. त्यांच्या अंगावरच्या एका प्रथिनाची ठेवण अशी असते, की त्याला टेकलेले पाण्याचे रेणू बर्फाच्या कणासारखे रांगेत बसतात. एकदा तेवढा कण जमला की अख्खा थेंब गोठतो आणि पानाच्या पेशी फुटतात. हे जीवाणू नसतील, तर तोच थेंब उणे चार-पाचपर्यंत पाणीच राहतो.

"मग माझ्या पानांवर ते नाहीत?" मी विचारलं.

"आले असतील, मॅडम, पण त्यांना बसायला जागा मिळाली नाही. दुसऱ्या एका निरुपद्रवी जातीनं आधीच पान भरून टाकलंय. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं."

"ही दुसरी जात आली कुठून?"

"तीच गंमत आहे. मातीत नाही, खतात नाही. जवळचे नातलग शोधले तर ते माणसाच्या तळहातावर सापडतात. लाखात एखाद्याच्याच."

"म्हणजे हातगुण खरा निघाला म्हणायचा," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मी फुली मारलेले सगळे फळे त्यांना आठवत असणार.

पानावरून उचललेली जात प्रयोगशाळेत चार दिवसांत मरगळत होती. मूळ हातावर तिचे जे इतर सोबती असतील, त्यांच्यासकट ती मिळाली, तर तिची फवारणी तयार करून घरोघरच्या काचघरांना देता येणार होती. म्हणून डॉक्टरांना तो हात हवा होता. "तुमच्याच हातावर असणार," त्या म्हणाल्या, "पण तपासायला सगळेच हात हवेत. इथे कुणाकुणाचे लागतात?"

मी म्हटलं, "गुरुवारी या. मार्गशीर्षात सगळ्या जणी माझ्याकडे फुलं खुडायला येतात आणि संध्याकाळी हळदीकुंकू असतं. सगळे हात एकदम मिळतील."

तोवर वर्तमानपत्रांना सुगावा लागला होता. एका पुरवणीनं "हातगुणाला विज्ञानाचा दाखला" असा मथळा दिला. मग काय विचारता! पुढच्या पंधरा दिवसांत लग्नाच्या स्थळांमध्ये मुलीच्या शिक्षणाखाली तळहाताचा अहवाल जोडायची टूम निघाली. माळीकामाच्या जाहिरातींत "हातगुण तपासलेला असावा" अशी अट आली. सोनवणे वहिनींच्या सूनबाईनं भांड्यांचा साबण बदलला. आणि माझा फोटो जिल्ह्याच्या पानावर आला, शेवंतीच्या ओळीत, दोन्ही पंजे पुढे करून. तो फोटो मी फ्रीजवर लावला. आता लाज वाटते, पण तेव्हा मी तिथून जाता-येता त्याच्याकडे बघत असे.

गुरुवारी संध्याकाळी तेवीस जणी आल्या. आधी डॉक्टरांचा कापसाचा बोळा तळहातावरून फिरायचा, मग मी हळदकुंकू लावायचं, असा क्रम ठरला. हशा, थट्टा चालली होती. रंजना आत मसाल्याचं दूध आटवत होती आणि भरलेले पेले दारापर्यंत आणून देत होती. तिला कुणी येऊ नको म्हणत नाही. ती येत नाही आणि तिला कुणी ये म्हणत नाही. आमच्याकडे या गोष्टी अशाच शिस्तीत चालतात, आणि पुरोगामी म्हणवणारी मीही त्या शिस्तीतच वाढले.

"झाल्या ना सगळ्या?" डॉक्टरांनी डबी मिटताना विचारलं.

"सगळ्या झाल्या," सात-आठ जणी एका सुरात म्हणाल्या. त्यांत माझाही आवाज होता. मी खोटं बोलले नव्हते, मला खरोखरच सगळ्या झाल्या असं वाटलं होतं.

पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते.

"मॅडम, कुणाचाच जुळत नाही. तुमचाही नाही."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

"आणखी कुणाचा हात लागतो का झाडांना? आठवून बघा."

समोर ओट्याशी रंजना तांदूळ धूत होती. पातेल्यात मनगटापर्यंत हात घालून ती तांदूळ गोल गोल फिरवत होती आणि पांढरं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवत होती, रोज सकाळी वर न्यायचं ते. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. काचघराच्या पाच वर्षांचा हिशेब एका क्षणात माझ्यासमोर लागला.

"नाही," मी म्हणाले. "आणखी कुणाचा नाही."

आणि माझी जीभ आपणहून पुढे चालली. दाढेसाठी मी मागच्या महिन्यात जंतुनाशक गोळ्या घेतल्या होत्या, हातावरची वस्ती त्यांनी गेली असेल का? दाढ माझी ठणठणीत होती. डॉक्टर म्हणाल्या, शक्य आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना घेऊ.

मी जळाले, दुसरा शब्द नाही. रंजनाच्या हातची पुरणपोळी फुटत नाही, हे मी मान्य केलं होतं. सासूबाई शेवटच्या दुखण्यात फक्त तिच्या हातून पाणी प्यायच्या, तेही गिळलं होतं. जेवताना हे "रंजनानं केलंय वाटतं" म्हणत दुसऱ्यांदा आमटी घेतात, तेव्हा मी आमटी पुढे सरकवते. पण काचघर माझं होतं. त्याचा आराखडा मी काढला, एकेक बी मी निवडलं, पाच वर्षांच्या रोजच्या तापमानाची वही मी ठेवली. तिनं काय केलं? तांदूळ धुतले! आणि निसर्गानं हातगुण कुणाच्या हातावर ठेवावा, तर जिला त्याचं काही पडलेलं नाही तिच्या.

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला आठवीचा धडा आठवला. त्वचेवरचे जीवाणू स्पर्शानं एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लागल्यावर मी खोबरेल कोमट करून वाटीत घेतलं आणि तिच्यासमोर पाटावर बसले. "रंजना, हात बघू. केवढ्या भेगा पडल्यात!"

तिनं हात पदराआड घेतले. "अहो ताई, काहीतरीच काय? मी धाकटी. तुम्ही माझे हात चोळणार?"

"गप्प बस. दे इकडे."

तिनं ते दिले. चाळीस वर्षांच्या भाकऱ्यांनी तळवे जाड झालेले, डाव्या अंगठ्याशी तव्याचा जुना चटका. मी एकेक बोट दाबून चोळलं, तळव्याला तळवा घासला, नखांच्या कडाही सोडल्या नाहीत. नंतर हात धुतले नाहीत. ह्यांनी विचारलं, "तेलकट हातानं पेपर कशाला धरतेस?" मी म्हटलं, "थंडी आहे. असू दे."

रोज संध्याकाळी असं सुरू झालं. पहिले दोन दिवस ती अवघडून बसायची. मग बोलायला लागली. तिची लेक तेजल नागपूरला असते, तिला तीन महिन्यांच्या जुळ्या मुली आहेत. तेजल नि जावई दोघंही मागे लागले होते, आता कायमची इकडेच ये. महिनाअखेरीला निघायचं रंजनानं जवळजवळ ठरवलं होतं आणि मला सांगायचं कसं या विचारात होती. मी "हो का, वा" म्हणत होते आणि मनात मोजत होते, आज पाचवा दिवस, अजून पाच.

सातव्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय गं, दुखलं का?"

"नाही. हे गेल्यापासून कुणी हात धरला नव्हता माझा. ताटवाटी देताना लागतो तेवढाच. धरला नव्हता कुणी."

उजवा हात झाला होता, डावा घेतला. तरीही मी थांबले नाही, हेही सांगून टाकते.

नवव्या दिवशी मी जिन्यात होते आणि खाली ती फोनवर बोलत होती. "नाही गं तेजू, नाही जमायचं. तू बाई ठेव एखादी. इथं ताईंना माझी सवय झालीय. कधी नव्हे ती माया लागलीय त्यांना, आता कसं सोडू?" पलीकडून तेजल बहुधा रडत होती, कारण ही बराच वेळ "उगी, उगी" करत राहिली. मी आल्या पावली वर गेले आणि काचघरात उगाच नळ्या तपासत बसले.

मग माझा दुसरा नमुना गेला आणि अहवाल आला.

"अभिनंदन, मॅडम!" डॉक्टरांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "संख्या कमी आहे, पण आहे! गोळ्यांनीच घोळ केला होता. केंद्रानं या जातीला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय."

मला हवं होतं ते सगळं मिळालं. वहिनी पेढे घेऊन आल्या. ह्यांनी मुलाला फोन लावला. रंजनानं शिरा केला, केशर घालून, आणि गल्लीत घरोघरी स्वतः वाटून आली. "आमच्या ताईंचं नाव आता पुस्तकात येणार," असं ती दारोदार सांगत होती. तिला माझा थोडा जरी हेवा वाटला असता तरी मला तो शिरा गेला असता. पण तिच्या तोंडावर नुसता आनंद होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे नागपुरातल्या त्या दोन पोरी येत होत्या, ज्यांची आजी मी तेलाची वाटी दाखवून अडकवून ठेवली होती. नावाचं काय, ते मी पचवलं असतं. हे पचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवणाचं पातेलं घेऊन वर आली. मी दार लावून घेतलं.

"तेजलला फोन कर. येते म्हणून सांग."

तिचा चेहरा उतरला. "का? जड झाले का मी, ताई?"

"अगं, मी तुझे हात मायेनं नाही चोळले. जंतू हवे होते मला तुझ्या हातावरचे. झाडं तुझ्या हातानं वाचली, माझ्या नाही. ते मला कळलं होतं आणि मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तुझ्यावर जळत होते मी."

एका दमात बोलून टाकलं. ती मेथीची पिवळी पानं खुडत राहिली. पाच-सहा पानं झाल्यावर म्हणाली, "माहितीय मला."

"काय माहितीय?"

"तिसऱ्या दिवशीच कळलं. तुम्ही हात धूत नव्हता. शाळेतून आल्या की कोपरापर्यंत हात धुणारं माणूस ते, माझं तेल लावून तसंच जेवायला बसायला लागलं. आणि डॉक्टरीणबाई बाहेर बोलत होत्या ते आत ओट्यापाशी ऐकू येतंच की."

माझे कान तापले. "मग बोलली का नाहीस? तुझं नाव झालं असतं."

"नाव घेऊन मी काय करू? तुम्हाला हवं होतं."

"आणि रोज संध्याकाळी हात पुढे करत होतीस, सगळं माहीत असून? तेजलला नाही म्हणालीस? कशासाठी?"

तिनं पिवळी पानं मुठीत गोळा केली.

"धरत होतात ना," ती म्हणाली.

मी तिथंच वाफ्याच्या कडेवर बसले आणि तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. तो हात माझा नाही, म्हटलं. माझ्याकडे आला तो गुण जावेकडून घेतलेला आहे. डॉक्टर गोंधळल्या. "पण गुरुवारी सगळ्या झाल्या होत्या ना?"

"नव्हत्या झाल्या. एक आत होती."

"आत म्हणजे? कुठे?"

"आत म्हणजे आत. तुम्हाला नाही कळायचं, आणि नाही कळत तेच बरं आहे. नमुना घ्यायला लगेच या."

रंजनाच्या तळहातावर ती वस्ती माझ्या दहा हजार पट निघाली, सोबत्यांसकट. फवारणी तिच्यापासून तयार झाली. पौषात पारा उणे तीनला गेला, तेव्हा गल्लीतलं एकही काचघर काळं पडलं नाही. जातीला तिचं नाव लागलं, लॅटिन शेपूट जोडून. जिल्ह्याच्या पानावर तिचा फोटो आला, पदर सावरत कुठेतरी भलतीकडे बघणारा. तो मी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा मला जळजळलं. माणूस असं एका सकाळीत सुधारत नाही. माझ्या हातावरचे जंतू पंधरा दिवसांत नाहीसे झाले. मी तपासून घेतलं.

नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी मी वाटीत तेल घेऊन बसले. आता काही कारण उरलं नव्हतं. तिनं काही विचारलं नाही, हात पुढे केले. ह्यांनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी आम्ही उठलो नाही.

आता ती तिकडे आहे. मी डाळ-तांदळाचं धुवण स्वतः वर नेते. फवारणी असल्यामुळे त्याची गरज नाही, तरी नेते. रविवारी तेजल फोनवर चित्र दाखवते. रंजना मांडी घालून बसलेली असते आणि एक पोर उजव्या बाजूला, एक डाव्या. परवा सोनवणे वहिनींनी कठड्यावरून विचारलंच, "जावेचं एवढं नाव झालं हो बाई, खरं सांगा, हेवा नाही वाटत?"

"वाटतो तर," मी म्हटलं.

पण नावाचा नाही, हे त्यांना सांगितलं नाही. मला त्या दोन पोरींचा वाटतो. दिवसभर तिचं बोट धरून असतात.